बाकावरची अर्धी जागा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातले माझे अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण वीस-बावीस वर्षं मी संगणकासमोर बसून काय केलं, हे माझ्या घरच्यांनाही नीट कळलेलं नाही. तुम्हाला दहा मिनिटांत काय सांगणार? म्हणून विषय बदलण्याची परवानगी मागितली. आज मी माझ्या भाचीच्या एका कलाकृतीबद्दल बोलणार आहे. त्यात आपला वर्ग कसा आला, ते ऐकल्यावर कळेल.

माझी भाची पुण्यात बी.एफ.ए. करते आहे. बारावीनंतर तिने हे ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मी केला होता. ‘चित्रं सुट्टीत काढ, आधी इंजिनिअरिंग कर,’ असं मी तिला ऐकवलं. स्वतःला इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरले.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी तिला मिश्र माध्यमातलं काम करायचं होतं. आपल्या वेळी चित्र म्हणजे वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र. मिश्र माध्यम म्हणजे काय ते तिने मला उदाहरणं देऊन समजावलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळसा खाणीत काम करणाऱ्या कुटुंबातले. खैरागड आणि बडोद्याला ते शिल्पकला शिकले, आणि पुढे थेट भिंतींवर कोळशाने चित्रं काढू लागले. मुंबईत क्लार्क हाउसमध्ये २०१२ साली झालेलं त्यांचं प्रदर्शनही खाणीबद्दलच होतं. शकुंतला कुलकर्णींनी वेताची चिलखतं विणली आणि स्वतः अंगावर घातली. २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनात त्यांचं काम होतं. भाची म्हणाली, ‘मावशी, ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्याच वस्तूतून बोलायचं. आपल्याकडे काय आहे? ऊस.’

पाथर्डीच्या लोकांना ऊसतोड समजावून सांगायची गरज नाही. मोहटादेवीची यात्रा झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरांची निघायची तयारी सुरू व्हायची, आणि दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरायच्या. परत यायचे ते उन्हाळ्यात. त्यातलाच एक शब्द तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता: कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाची मोजणीच हत्याराने होते, आणि मागे येणारं पोर तर त्या मोजणीतही नाही.

मग तिने मला सहज विचारलं, ‘तुझ्या वर्गात असं कोणी होतं का गं?’

मी आधी ‘नाही’ म्हणाले. रात्री आठवलं. आठवीपर्यंत माझ्या बाकावर डावीकडे बसणारी ती. तिचं नाव इथे घेत नाही, कारण तिला न विचारता घेणं बरं नाही. पण मुलींना आठवत असेल. तिचं एक स्मरणचित्र सरांनी फलकावर लावलं होतं: उसाच्या गाडीखाली, सावलीत झोपलेलं बाळ. आम्ही दोघी इंटरमिजिएटला एकत्र बसलो. निकाल आला तेव्हा ती कुठल्या तरी कारखान्यावर होती. तिचं प्रमाणपत्र सरांच्या कपाटात राहिलं. दिवाळीनंतर हजेरीत तिच्या नावापुढे ‘गै’ लागत गेला आणि नववीत नावच राहिलं नाही.

मला काय वाटलं होतं, तेही मी भाचीला खरं सांगितलं. मला बाकावर ऐसपैस जागा मिळाली म्हणून बरं वाटलं होतं. तिच्या जागेवर मी माझं दप्तर ठेवायला लागले.

भाचीने ते ऐकून घेतलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे बाक शोधायला गेली.

पुढचे चार महिने मी तिचं काम जवळून पाहिलं. माझा समज असा होता की कलाकाराला काहीतरी सुचतं आणि तो ते करून टाकतो. प्रत्यक्षात तिची वही माझ्या कुठल्याही प्रोजेक्टच्या कागदपत्रांपेक्षा काटेकोर होती. तिला हजेरीचे कागद उसाच्या चिपाडापासून बनवायचे होते. रसवंतीवरून पोतंभर चिपाड आणलं. कापून, धुण्याच्या सोड्यात तासन्‌तास उकळून, मिक्सरमध्ये लगदा करून, जाळीवर पसरून वाळवायचं. पहिल्या खेपेचे कागद हातात घेताच तुटले. उकळणं कमी पडलं होतं. दुसऱ्या खेपेत ताईचा मिक्सर जळला. तिसऱ्या खेपेला सुती चिंध्यांचा लगदा मिसळला तेव्हा कागद टिकला. असे २४ कागद केले, आठवड्याला एक याप्रमाणे जवळजवळ अख्खा हंगाम. त्यावर हजेरीचे रकाने छापले आणि जिथे ‘गै’ यायचा तिथे कोयत्याच्या टोकाने चीर पाडली.

बाकाच्या उजव्या अर्ध्या भागावर काहीच नाही. तिथे बघणाऱ्याने बसायचं. डाव्या भागावर पाचट अंथरलेलं आणि त्यावर गुळाची पाटी. लाकडी चौकटीत गूळ ओतून केलेली.

माझ्याकडे वायरिंगचं काम आलं. मी उत्साहाने दिवे, पडदा, मोबाइल ॲप असं बरंच सुचवलं. तिने सगळं नाकारलं. एवढंच ठेवलं: कोणी बसलं की हजेरी सुरू होईल. नावं नाहीत, फक्त क्रमांक. प्रत्येक क्रमांकानंतर ‘हजर’, आणि तेविसाव्यानंतर शांतता. मी बसायच्या फळीखाली वजन मोजणारा लोड सेल बसवला, एक आर्डुइनो जोडला, आणि स्वतः दहा वेळा बसून तपासलं.

मांडणीचा दिवस मात्र सगळ्यांची परीक्षा घेणारा होता. भिंतीला खिळा मारायला बंदी, म्हणून कागद छताच्या पाइपाला तंगुसाने टांगले. पंखा लावताच ते गरगर फिरायला लागले. मग प्रत्येकाच्या खालच्या कडेला चिपाडाची काडी शिवली. दिव्याच्या उष्णतेने गूळ पाझरू लागला, म्हणून दिवा दूर नेला. संध्याकाळी मुंग्यांची रांग आली. मी औषध मारायला निघाले, तर ताईने घरून चार वाडगे आणले, पाणी भरलं आणि बाकाचे चारही पाय त्यात ठेवले. आई दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवायची, तसं. भाची म्हणाली, ‘हे आता असंच राहू दे.’ दुसऱ्या दिवशी कित्येकांनी त्या वाडग्यांचा अर्थ विचारला.

रात्री नऊच्या सुमारास तिथल्या रखवालदाराची लहान मुलगी आली. सात-आठ वर्षांची असेल. भाचीने तिला बसायला सांगितलं. ती बसली, आणि काहीच झालं नाही. आवाज नाही. ती उठली, पुन्हा बसली, मग आमच्याकडे बघून ओशाळली, जणू तिचंच काही चुकलं.

चूक माझी होती. किमान वजनाची मर्यादा मी माझ्या वजनावरून ठरवली होती. त्याहून हलकं माणूस माझ्या प्रोग्रॅमच्या हिशेबी बाकावर बसलेलंच नव्हतं. ज्या मुलीसाठी ते बाक होतं, त्या वयाच्या मुलीला ते मोजतच नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले, लॅपटॉप उघडला आणि आकडा बदलला. बदल एका ओळीचा होता. ती पुन्हा बसली, हजेरी सुरू झाली. तेविसावा क्रमांक आला, शांतता झाली, आणि त्या मुलीने मोठ्यांदा ‘हजर’ म्हटलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

प्रदर्शन आठवडाभर चाललं. नंतर कागद गुंडाळले, गूळ फेकून दिला, बाक ताईच्या व्हरांड्यात आहे. भाचीला मी आता ‘पुढे काय?’ असं विचारत नाही. तिचं काम पाहिलं, एवढं पुरे.

पण मी त्या रात्रीपासून आपल्या व्हॉट्सॲप गटाकडे वेगळ्या नजरेने बघते आहे. गटाचं नाव ‘दहावी १९९६’. आजच्या मेळाव्याची यादी त्यावरूनच झाली. म्हणजे आपणही एक मर्यादा घातली आहे: जो दहावीपर्यंत पोहोचला तोच आपला वर्गमित्र. मुद्दाम कोणी घातली नाही, माझ्या प्रोग्रॅममध्येही मी मुद्दाम घातली नव्हती.

म्हणून एक विनंती. पुढच्या मेळाव्याची यादी दहावीची न करता पाचवीची करूया. आपल्यापैकी जे अजून गावात आहेत त्यांना मधेच शाळा सुटलेल्यांचा पत्ता लागू शकेल. फोन करायचं, जायचं-यायचं काम मी घेते. मला तिच्याबद्दल फक्त इतकं कळलं आहे की तिचं सासर शेवगावकडे आहे. ती येईल की नाही माहीत नाही. यावंसं वाटलं नाही तर तोही तिचा हक्क. पण बोलावणं तर जायला हवं.

आणि सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून विचारते. ते प्रमाणपत्र अजून कुठे असेल का? नसलं तरी चालेल. मी तिला सांगेन की तिचं चित्र आम्हाला आठवतं.