दहा घरे, दहा पंगती



जेरुसलेमच्या आद्य ख्रिस्ती मंडळीत, 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे, कोणी आपल्या मिळकतीला केवळ आपली म्हणत नसे.

इसवी सन 400च्या सुमारास, कॉन्स्टँटिनोपलचे बिशप योहान क्रिसोस्तोम, ज्यांना त्यांच्या वाणीमुळे पुढे 'सुवर्णमुख' हे बिरुद लाभले, हीच कथा घेऊन प्रवचनास उभे राहिले;
आणि त्यांनी मांडला तो चक्क घरखर्चाचा जमाखर्च!

दहा मुलांचे कुटुंब एकत्र जेवले, तर खर्च थोडा.
तीच मुले विभक्त झाली, की दहा घरे, दहा पंगती, दहा चाकर.

विभागणीने खर्च वाढतो, श्रोतेहो;
एकत्र राहण्याने तो घटतो.

आपल्याकडच्या वाटण्या पाहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

कॉन्स्टँटिनोपलमधल्या धनिकांना मात्र हा हिशेब फारसा रुचला नसावा.