मुक्या जिवाचा धीर



आजारी माणसाला औषध लागते, पथ्य लागते, हे आपण सारे जाणतो. पण आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे धीर. लहान मुलाला तर तो फारच लागतो.

छत्रपती संभाजीनगरचा सरकारी दवाखाना तुम्हांला ठाऊक आहे. आपण त्याला 'घाटी' म्हणतो. तिथले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. पैठण, कन्नड, जालना, बीड, कुठून कुठून आईबाप तिथे मुले घेऊन येतात. पोर खाटेवर पडते. भोवती सारे अनोळखी. पांढरा कोट दिसला की सुई आठवते. रडे काही थांबत नाही. अशा पोराला हसवायचे कोणी?

काही ठिकाणी हे काम चक्क कुत्रा करतो! हसू नका. ऐका तर खरे.

अमेरिकेत बोरिस लेव्हिन्सन नावाचे एक गृहस्थ होते. मुलांच्या मनाचे दुखणे बरे करणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्याकडे एक मुलगा आला. तो कोणात मिसळत नसे. लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स तिथेच होता. तो धावत गेला आणि मुलाला चाटू लागला. मुलगा त्याला बिलगला. पुढे कुत्र्याशी खेळता खेळता तो लेव्हिन्सन यांच्याशीही मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी १९६२ साली आपला हा अनुभव छापला. आपल्या महाराष्ट्रातही मीनल कविश्वर यांच्या 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' या संस्थेने शिकवलेले कुत्रे मुलांच्या भेटीला नेले आहेत.

कुत्रा काय करतो? तो औषध देत नाही. पण तो रागावत नाही, प्रश्न विचारत नाही, रोग पाहून तोंड फिरवत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवताना मुलाला दुखण्याचा विसर पडतो. जे पोर हात उचलायला कुरकुरते, तेच कुत्र्याचे केस विंचरायला हात पुढे करते. आहे की नाही गंमत?

आपल्याला हे परके नाही. खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही कथा तर घरोघरी सांगतात.

मात्र एक ध्यानात ठेवा. गल्लीतला कुत्रा दवाखान्यात न्यायचा नाही. या कामाचा कुत्रा निवडलेला, शांत आणि शिकवलेला असतो. त्याला लस टोचलेली असते. त्याला आंघोळ घालतात, नखे कापतात. त्याची दोरी माणसाच्या हातात असते. डॉक्टरांची परवानगी लागते. फार अशक्त मुलांजवळ त्याला नेत नाहीत. कुत्र्याला हात लावला की मुलाचे हात धुतात.

आणि कुत्रा चावलाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सगळी इंजेक्शने पुरी करा. पिसाळल्याचा रोग एकदा अंगात भिनला, की माणूस हाती लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, 'आमच्याकडे कुठला आलाय शिकवलेला कुत्रा?' नसू द्या! कुत्रा जे देतो, ते आपणही देऊ शकतो. भेटीच्या वेळी सिस्टरना विचारून मुलाजवळ बसा. 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचील' असे म्हणू नका. त्याने भीती वाढते. 'सुई दुखणारच नाही' असे खोटेही सांगू नका. 'थोडं दुखेल, मी हात धरते' असे म्हणा. घरच्या वासराची, मोत्या कुत्र्याची खुशाली सांगा. आता तर तुम्हांला वाचता येते! एखादी गोष्ट वाचून दाखवा. शेजारच्या खाटेवरचे पोरही कान देईल. त्यालाही जवळ घ्या.

मुका जीव दुसऱ्याला धीर देतो. आपल्याला तर देवाने वाचा दिली आहे. ती दुखणाईत लेकरासाठी वापरू या.