खाली गेलेले क्लब टिकले, अभय मिळालेले संपले : रेलिगेशन आणि पगाराचं गणित

केजमधून बोलतोय. इअरफोन नीट लावा, कारण आज जरा हिशेब आहे.

इंग्लिश प्रीमियर लीगचा हंगाम मे महिन्यात संपतो. शेवटचे तीन संघ खाली जातात. खेळाडू मैदानात बसून रडतात, आपण रील बघतो, हार्ट देतो आणि पुढं सरकवतो. पण त्यानंतर एक प्रश्न उरतो आणि तो बऱ्याच जणांनी मला विचारलाय. क्लब खाली गेला की खेळाडूंच्या पगाराचं काय होतं? मोठ्या क्लबचं ठीक आहे, पण ज्याच्या खिशात मुळातच कमी आहे त्या छोट्या क्लबचं काय?

उत्तरासाठी लंडनला जायची गरज नाही. आपल्या शिवारात चला.

आपल्याकडं पाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचं साल किती, धान्य किती, कापडं किती, सगळं त्या दिवशी बोलून होतं. पाऊस येतो जूनमध्ये. सोयाबीनला काय भाव मिळाला ते कळतं दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे मालकानं खर्च आधी कबूल केला आणि उत्पन्न नंतर कळणार. पाऊस दडी मारून बसला तरी गड्याचं साल द्यावंच लागतं. त्यानं काम केलंय, पाऊस पडला नाही हा त्याचा दोष नाही.

फुटबॉल क्लबचं तंतोतंत हेच आहे. फरक एवढाच की क्लब साल ठरवत नाही, तीन-तीन, चार-चार वर्षांचे करार करतो. करार होतो हंगामाच्या आधी आणि आपण वर राहिलो की खाली गेलो हे कळतं हंगाम संपल्यावर. पाऊस एका वर्षाचा, पगार चार वर्षांचा. इथंच घोळ सुरू होतो.

आता आकडे घेऊ. हे माझे समजुतीसाठीचे आकडे आहेत, कुठल्या खऱ्या क्लबचे नाहीत. समजा वरच्या लीगमधल्या एका छोट्या क्लबचं उत्पन्न १०० रुपये आहे. त्यात टीव्हीचे ६०, प्रायोजकांचे २५, तिकिटांचे १५. खर्चात खेळाडूंचे पगार ७० आणि मैदान, प्रवास, बाकी कर्मचारी मिळून ३०. हिशेब जेमतेम बसला.

क्लब खाली गेला. टीव्हीचे ६० होते ते १० झाले. प्रायोजक म्हणाला, आता तुम्ही टीव्हीवर दिसत नाही, मी १५ देतो. तिकिटांचे १२ आले. एकूण ३७ रुपये. आणि पगार? ७०च. कारण कागदावर ७० लिहिलेत.

म्हणून शहाणे क्लब करारातच एक कलम टाकतात. संघ खाली गेला तर पगार आपोआप इतक्या टक्क्यांनी कमी होईल. याला रेलिगेशन क्लॉज म्हणतात. समजा कपात ४० टक्के. ७० चे झाले ४२. बाकीचा खर्च काटकसर करून २५ वर आणला. एकूण ६७. उत्पन्न ३७. तरीही ३० रुपयांचा खड्डा आहेच.

हा खड्डा भरायला प्रीमियर लीगनं पॅराशूट पेमेंट नावाची सोय केली आहे. टीव्हीच्या पैशातला जो भाग सगळ्या क्लबना समान वाटला जातो, त्याच्या ५५ टक्के रक्कम खाली गेलेल्या क्लबला पहिल्या वर्षी मिळते. दुसऱ्या वर्षी ४५ टक्के. तिसऱ्या वर्षी २० टक्के, तेही क्लब वर एकापेक्षा जास्त हंगाम राहिला असेल तरच. आपल्या उदाहरणात ६० चे ५५ टक्के म्हणजे ३३ रुपये. ३७ अधिक ३३ बरोबर ७०. खर्च ६७. पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी २७ मिळाले, तीन रुपये कमी पडले. तिसऱ्या वर्षी १२, म्हणजे १८ रुपयांचा खड्डा. तोवर महागडे खेळाडू विकून मोकळं व्हायचं, नाहीतर परत वर जायचं.

पॅराशूट असलं म्हणजे मऊ गादीवर पडलो असं नाही. ल्युटन टाऊन बघा. छोटं मैदान, जपून चालणारा क्लब. २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला, २०२४ मध्ये खाली गेला आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी खाली. पॅराशूट हातात असताना.

आता तिथून महाराष्ट्रात येऊ. इथं पॅराशूट सोडा, टीव्हीच्या पैशाचा तो मोठा वाटासुद्धा क्लबच्या हाती येत नव्हता. मग आय-लीगमधले आपले क्लब पगार कशातून देत होते? बहुतेक वेळा मालक समूहाच्या खिशातून. म्हणजे उत्पन्नाची विहीर एकच. ती आटली की संपलं.

पुढची गोष्ट नीट ऐका, मला आज खरं तर हीच सांगायची आहे.

२०१४-१५ चा आय-लीग हंगाम. पुण्यात भारत एफसी नावाचा नवा क्लब आला, कल्याणी समूहाचा. तो थेट प्रवेश घेऊन आला होता आणि अशा क्लबना सुरुवातीची काही वर्षं रेलिगेशनपासून अभय होतं. भारत एफसी ११ संघांत शेवटचा आला. पण त्याला खाली पाठवता येत नव्हतं. मग कोण गेलं? दहाव्या क्रमांकावरचा गोव्याचा धेंपो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता राहिलेला धेंपो.

पुढचं वर्ष, २०१५-१६. परत पुण्याचा एक क्लब थेट प्रवेशानं आला, डीएसके शिवाजीयन्स. नऊ संघांत शेवटचा आला. अभय होतं, वाचला. त्याच्याऐवजी आठव्या क्रमांकावरचा मिझोरमचा आयझॉल एफसी खाली गेला.

दोन वर्षं, दोन्ही वेळा शेवटचा संघ पुण्याचा, दोन्ही वेळा शिक्षा दुसऱ्याला. आता पुढं काय झालं बघा.

भारत एफसी एका हंगामातच बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर पडला.

आणि जे खाली गेले ते? धेंपो दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि लगेच २०१६ मध्ये ती जिंकला. त्याच वर्षी भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेवरून वाद झाला आणि धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही गोव्याचे क्लब राष्ट्रीय लीगमधून स्वतःहून बाजूला झाले. पण धेंपो मेला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पोरं घडवत राहिला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत आला.

आयझॉलची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. गोव्याचे क्लब गेल्यामुळं जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं. पैसा थोडाच होता. गावची पोरं, त्यांच्यासाठी भरणारं मैदान आणि प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील. हे तेच खालिद, ज्यांनी सात वर्षं मुंबई एफसीला तुटपुंज्या पैशांत आय-लीगमध्ये टिकवून धरलं होतं. मुंबई एफसीनं २०१६ मध्ये त्यांची साथ सोडली होती. आधी मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही आयझॉलला गेले. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली आणि आदल्या वर्षी रेलिगेट झालेला आयझॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागानपेक्षा एका गुणानं पुढं.

आणि त्याच हंगामात तळाला कोण होतं? मुंबई एफसी. २००७ मध्ये स्थापन झालेला, एस्सेल समूहाचा, कूपरेजवर खेळणारा क्लब. २००८ पासून एकदाही खाली गेला नव्हता. २०१७ मध्ये गेला आणि राष्ट्रीय लीगमध्ये परत दिसलाच नाही. दुसऱ्या श्रेणीत खेळून वर यायचा रस्ता उघडा होता. त्या रस्त्यानं चालायला खर्च लागतो आणि तो करावासा कुणाला वाटला नाही.

म्हणजे मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. रेलिगेशन क्लबला मारत नाही. क्लबचा पगार एकाच खिशावर चालत असेल, तर तो खिसा मारतो. रेलिगेशन फक्त निमित्त होतं, आणि कधी कधी तेवढं निमित्तही लागत नाही.

महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. खाली गेला नव्हता, तरी २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. पंजाबचा जेसीटी, १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ मध्ये खाली गेला आणि त्याच वर्षी बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये उपविजेता होता, दोन-तीन वर्षांत तोही गेला. आणि आयएसएलमध्ये तर पहिल्या दहा वर्षांत कुणीच खाली गेलं नाही. तरी एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. ऑगस्ट २०२५ मध्ये पुढचा हंगाम होणार की नाही हेच अधांतरी होतं, तेव्हा बेंगळुरू एफसीनं मुख्य संघाचे आणि त्यांच्या स्टाफचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. रेलिगेशन नसलं म्हणून पगार सुरक्षित झाला, असं नाही.

कुणी म्हणेल, जुना काळ बरा होता. एका अर्थी होताच. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया यांचे संघ असायचे. खेळाडूला नोकरी मिळायची. संघ हरला, खाली गेला, गुडघा गेला, तरी पहिल्या तारखेला पगार आणि पुढं पेन्शन. रेलिगेशन क्लॉजची गरजच नव्हती. पण तो क्लब नव्हता, ते ऑफिस होतं. २०१३ मध्ये आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले. नोकरीवाला फुटबॉल मागं पडला आणि करारवाला पुढं आला.

मग छोट्या क्लबनं करायचं काय? टिकलेल्यांकडं बघितलं की तीन गोष्टी दिसतात. पहिली, पगाराचा काही भाग पक्का आणि काही भाग कामगिरीवर, सामने किती खेळला, संघ वर राहिला का यावर. दुसरी, स्वतःची पोरं तयार करणं. ती स्वस्त पडतात आणि एखादा विकला तर वर्षाचा खर्च निघतो. तिसरी, लोक. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम. या संघांच्या मागं एक मालक नाही, पेठ आहे. मालक कंटाळू शकतो, पेठ कुठं जाणार?

आता शेवटचं, आणि हे खास त्यांच्यासाठी जे ऐकताहेत आणि खेळताहेत. बीडमधून, लातूरमधून एखादं पोरगं पुण्या-मुंबईच्या क्लबमध्ये ट्रायलला जातं. निवड झाली की घरी पेढे वाटले जातात आणि कागद न वाचता सही होते. ऊसतोडीची उचल घेताना मुकादमानं काय लिहून घेतलं हे न वाचल्याचे परिणाम आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा सही करण्याआधी एवढं बघा.

करार लेखी आहे का आणि त्याची एक प्रत तुमच्याकडं आहे का? तो महासंघाकडं नोंदवला जाणार आहे का? पगार कुणाच्या हातून नाही, बँकेतून येणार का? संघ खाली गेला तर किती टक्के कपात, हे आकड्यात लिहिलंय का? कपातीचं कलम असेल तर उलटंही मागा. संघ वर गेला तर वाढ किती? आणि संघच बंद झाला तर उरलेल्या महिन्यांचं काय?

आणखी एक नियम पाठ करून ठेवा. फिफाच्या नियमावलीत २०१८ पासून अशी तरतूद आहे की क्लबनं किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर खेळाडूनं लेखी नोटीस द्यायची आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर करार मोडायला ते योग्य कारण ठरतं. लेखी हा शब्द महत्त्वाचा. व्हॉट्सॲपवर ‘सर, पेमेंट कधी?’ असं विचारून त्यावर अंगठ्याचा इमोजी मिळाला, तर त्याच्यावर विसंबून बसू नका. अडचण आलीच तर फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे, तिच्याशी बोला. एकटे भांडू नका.

सालगड्याचं साल पाडव्याला चार माणसांसमोर ठरतं, ते उगाच नाही. उद्या पाऊस आला नाही तर साक्षीला कुणीतरी असावं म्हणून. तुमचा करारही चार माणसांना दाखवा. घरात कुणी शिकलेलं असेल, गावातले वकील असतील, जुना खेळाडू असेल. तासाभराचं काम आहे.

पुढच्या वेळी एखादा संघ खाली गेल्याचं रील दिसलं, तर मैदानात रडणाऱ्या स्टारच्या मागं बघा. तिथं किट आवरणारा माणूस असतो, राखीव गोलकीपर असतो. त्यांच्या करारात काय लिहिलंय, हा विचार एकदा मनात येऊ द्या.

चला, आज इथंच थांबतो. खेळणाऱ्या मित्राला हा भाग पाठवा, सही करायच्या आधी. भेटू पुढच्या भागात.