अक्षरांवरचा हक्क



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पनवेलमध्ये मनापासून स्वागत करतो. बोरघाट उतरून आलेला देशावरचा माल एके काळी याच गावाच्या बंदरातून गलबतांवर चढून मुंबईला जात असे. 1852 साली इथे नगरपालिका आली, 2016 साली महानगरपालिका झाली. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण इथून जवळच आहे आणि कर्नाळ्याचा सुळका आपण येताना पाहिलाच असेल. गावाची थोरवी सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. मात्र पनवेलमधल्या दोन जागांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही, कारण या परिषदेचा विषय, म्हणजे सॉफ्टवेअरवरचा हक्क, त्या दोन जागांमध्ये उभा आहे.

पहिली जागा जुनी आहे. 1872 साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये धूतपापेश्वर या नावाने आयुर्वेदीय औषधांचे काम सुरू केले. च्यवनप्राशाची कृती चरकसंहितेत आहे. ती कोणालाही वाचता येते, कोणीही ती करून पाहावी. तरीही दीडशे वर्षे गिऱ्हाईक दुकानात जाऊन नाव घेऊन औषध मागते. कृती सर्वांची, पण ती दर वेळी तशीच उतरवण्याची पद्धत आणि त्यामुळे नावाला आलेली पत ही त्या घराची. बौद्धिक संपदा म्हणजे काय हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा या उदाहरणावरून अधिक चांगले समजले.

दुसरी जागा अगदी नवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत भाताणला योट्टा कंपनीचे डेटा सेंटर 2020 साली सुरू झाले. 7,200 रॅक बसतील एवढी त्याची क्षमता सांगितली जाते. आता तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे एनव्हिडियाचे प्रोसेसरही आले आहेत. पनवेल तालुक्यात असे काही उभे राहिले याचा मला अभिमान वाटतो. जमीन आपली, वीज आपली, पहारा देणारी आणि वातानुकूलन सांभाळणारी मुलेही पुष्कळशी आपली. प्रश्न एवढाच आहे की त्या रॅकमध्ये जे चालते, त्यातले आपल्या मालकीचे किती? यंत्राला जागा देणाऱ्याला भाडे मिळते, यंत्र चालवणाऱ्याला पगार मिळतो. यंत्रात चालणाऱ्या प्रोग्रामवर ज्याचा हक्क, त्याला प्रत्येक प्रतीमागे आणि प्रत्येक वर्षी पैसा मिळत राहतो.

संगणक उद्योगाने हा धडा 1981 साली घेतला. आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा ती जगातली सर्वांत बलाढ्य संगणक कंपनी होती. यंत्र तिचे, नाव तिचे, विक्रीची यंत्रणा तिची. त्यात चालणारी कार्यप्रणाली मात्र मायक्रोसॉफ्ट नावाच्या छोट्या कंपनीने दिली होती, आणि तीही मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका कंपनीकडून एक लाख डॉलरहून कमी पैशांत घेतलेली. आयबीएमला ती वापरायला देताना मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट राखून ठेवली. तीच प्रणाली इतर यंत्र-उत्पादकांनाही विकण्याचा हक्क. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी आयबीएमसारखीच यंत्रे बनवली, यंत्राची किंमत उतरत गेली आणि करारातल्या त्या एका हक्काची किंमत वाढत गेली. आयबीएमने ती पीसीची शाखाच 2005 साली लेनोव्होला विकली.

आता आपल्या घरातली गोष्ट. मी मुद्रणाच्या धंद्यातून संगणकाकडे आलो, त्यामुळे माझ्या मनात हा विषय आला की आधी मराठी फॉन्ट येतात.

आज सभागृहात बसलेल्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, पण 1990 च्या दशकात संगणकावर मराठी छापणे हे काही थोड्या संस्थांच्या कष्टांवर उभे होते. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने श्री-लिपी आणली. देवनागरीचा एक फॉन्ट करणे म्हणजे काय? अ ते ज्ञ अक्षरे काढून काम संपत नाही. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, रकार, उकार कुठे लागेल आणि वेलांटी किती लांब जाईल, हे सारे एकेक करून बसवावे लागते. एक चांगला फॉन्ट म्हणजे सुलेखनकाराचे आणि प्रोग्रामरचे कित्येक महिन्यांचे काम. निर्णयसागर छापखान्यात जावजी दादाजींच्या काळी राणू रावजी आरू खिळ्यांचे ठसे कोरत, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की शिशाचा खिळा चोरायला उचलून न्यावा लागे. फॉन्टची फाइल फ्लॉपीवर क्षणात उतरते आणि मूळ मालकाकडची जागेवरच राहते. म्हणून चोरी झाल्यासारखे कोणालाच वाटत नाही.

त्यावर कंपन्यांनी डोंगल दिले. डोंगल संगणकाला लावल्याशिवाय फॉन्ट चालेना. मग बाजारात क्रॅक केलेल्या प्रती आल्या. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, देवस्थानांचे अहवाल, छोट्या गावांतली साप्ताहिके, सारे त्यांवर छापले गेले. मराठीचे एवढे मोठे मुद्रणविश्व, पण अक्षर घडवणाऱ्यांकडे त्यातला फारच थोडा पैसा पोहोचला. नवा फॉन्ट करायला हाताशी पैसा नाही, म्हणून वर्षानुवर्षे तीच दहा-पाच वळणे सगळीकडे दिसत राहिली. मराठी छपाईला त्या काळात जो एकसुरीपणा आला, त्याचे एक मोठे कारण मला इथे दिसते.

पण दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले जात. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. इस्की नावाचे भारतीय मानक 1991 साली प्रसिद्ध झाले होते, तरी बाजार आपल्या वाटेने गेला. परिणाम असा की एका फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसती चिन्हे दिसत. कितीतरी दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या फाइली आजही अशा कुलूपबंद पडून आहेत. माझे मत स्पष्ट आहे: अक्षराच्या वळणावर, ते चालवणाऱ्या प्रोग्रामवर निर्मात्याचा पूर्ण हक्क असावा, पण ‘क’ हे अक्षर संगणकाने कोणत्या क्रमांकाने ओळखावे, यावर कोणाचीच मालकी असू नये. भाषा ही कोणाची मिळकत नव्हे. युनिकोड या मानकाने, त्याच इस्कीच्या पायावर देवनागरीची मांडणी करून, ही कोंडी फोडली.

त्या बदलाच्या वेळी आपल्या एका थोर सुलेखनकाराचे काम कोट्यवधी पडद्यांवर पोहोचले. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, विनय सायनेकर यांच्या साथीने घडला. जोशीसर आयआयटी मुंबईत शिकवत, नंतर त्यांनी एनसीएसटीत काम केले. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि त्या सी-डॅकचे एक कार्यालय इथून जवळच, बेलापूर-खारघरच्या हद्दीवर आहे. सरकारी कार्यालयांत मंगल इतका रुळला की तो सर्वांना फुकटचाच वाटतो. प्रत्यक्षात तो विंडोजच्या परवान्यासोबत आपल्याला वापरायला मिळालेला आहे. याउलट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहे. कोणीही वापरावा, बदलावा, आपल्या अ‍ॅपमध्ये घालावा. इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. खुला परवाना म्हणजे हक्क सोडणे नाही. हक्क आपला असतो म्हणूनच तो कोणत्या अटींवर द्यायचा हे आपण ठरवू शकतो. जीपीएल हा खुला परवानासुद्धा कॉपीराइटच्याच पायावर उभा आहे. जो दान देतो त्याच्या नावावर आधी वस्तू असावी लागते.

कायद्याविषयी तज्ज्ञ बोलणारच आहेत. तरी रायगड-ठाण्यातल्या छोट्या व्यावसायिकांच्या अडचणी मी जवळून पाहतो, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम 1984 च्या दुरुस्तीने साहित्यकृतीच्या पंगतीत आला. कादंबरीला जे संरक्षण, ते प्रोग्रामला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिला की हक्क निर्माण होतो. पण कोणाचा? पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामवरचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचाच. जॉबवर्कवर बाहेरच्या मुलाकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रामचे तसे नाही. पैसे चुकते केले तरी लेखी, सही केलेले हस्तांतरण नसेल तर हक्क त्या मुलाकडेच राहतो. हस्तांतरण केले आणि मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. पतसंस्थेचे, शाळेचे, हाउसिंग सोसायटीचे सॉफ्टवेअर करणारे कितीतरी लोक या तालुक्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे व्यवहार फोनवर आणि विश्वासावर होतात. विश्वास मोलाचा आहेच. पण उद्या धंदा वाढला, गुंतवणूकदार दारात आला, की तो पहिला कागद हाच मागतो.

पेटंटचे निराळे. आपल्या कायद्याचे कलम 3 (के) सांगते की नुसता संगणक प्रोग्राम किंवा अल्गोरिदम पेटंटला पात्र नाही. 2004 च्या डिसेंबरात एका वटहुकमाने ही अट सैल केली होती, संसदेने 2005 साली ती सूट नाकारली. संसदेने ते योग्यच केले असे मला वाटते. नाहीतर साध्या साध्या युक्त्यांभोवती मोठ्या कंपन्यांनी कुंपणे घातली असती आणि वाशी-पनवेलच्या दोन खोल्यांत काम करणाऱ्या मुलांना पाऊल टाकायला जागा उरली नसती.

आणि जे हक्क मागतो त्याने दुसऱ्याचेही पाळले पाहिजेत. प्रोग्रामची चोरीची प्रत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कारावास, 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. शिक्षेच्या भीतीपेक्षाही मला वेगळी काळजी वाटते. संगणक शिकवणारी क्लासची खोली क्रॅक केलेल्या प्रतींवर चालत असेल, तर तिथून बाहेर पडणारा मुलगा स्वतःचा प्रोग्राम विकताना किंमत कोणत्या तोंडाने सांगणार? परवाना परवडत नसेल तर लिनक्स आहे, लिबरऑफिस आहे, खुले मराठी फॉन्ट आहेत. आज तरी पळवाटेची गरज उरलेली नाही.

पुढचा प्रश्न भाताणच्या त्या इमारतीच्याच दारात उभा आहे. भाषा शिकणाऱ्या यंत्रांना मजकूर लागतो. 2024 च्या नोव्हेंबरात एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तो आपला मजकूर न विचारता यासाठी वापरल्याच्या तक्रारीवरून. उद्या मराठी कोश, मराठी वृत्तपत्रांचे जुने अंक, मराठी लेखकांची पुस्तके यांवर यंत्रे शिकतील. ती शिकावीत असे मला मनापासून वाटते, कारण मराठी या तंत्रज्ञानाबाहेर राहिली तर तिचे नुकसान होईल. पण लेखकाला विचारून, त्याचा मोबदला ठरवून हे व्हावे. फॉन्टच्या बाबतीत जे घडले ते पुस्तकांच्या बाबतीत पुन्हा घडू नये.

म्हणून स्वागत समितीची या परिषदेला एक विनंती आहे. छोट्या सॉफ्टवेअर व्यावसायिकासाठी दोन पानांचा, मराठीत लिहिलेला नमुना करार इथून बाहेर पडावा. काम कोणते, हक्क कोणाचा, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, सोर्स कोड कोणाकडे राहणार, एवढे त्यात असले तरी पुरे. मसुदा तयार झाला की कायदेतज्ज्ञांकडून तपासून घेणे, छापणे आणि जिल्ह्यातल्या संगणक संस्थांपर्यंत पोहोचवणे हे काम पनवेलकर अंगावर घेतील.

आपली राहण्या-जेवण्याची व्यवस्था करताना कार्यकर्त्यांनी जीव ओतला आहे. काही कमी पडले तर हक्काने सांगा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करून परिषदेला आरंभ करावा.