ब्वेनोस आइरेस : पायी पाहावयाचे नगर



आमच्या नगराचे नाव परदेशी नकाशांत नाना प्रकारे लिहिलेले आढळते. आम्ही त्यास ब्वेनोस आइरेस म्हणतो. अर्थ ‘चांगले वारे’. भारतातून इतक्या दूर आल्यावर हाती चारपाच दिवसच आहेत, तेव्हा काय पाहावे, असे तुम्ही विचारता. माझे पहिले सांगणे असे की ‘दक्षिण अमेरिकेतील पॅरिस’ पाहावयास आल्याप्रमाणे इथे हिंडू नका. हे बिरुद आमच्याच वाडवडिलांनी हौसेने मिरवले. पण प्रतिकृती शोधणाऱ्याच्या दृष्टीस दर्शनी भिंतीच पडतात. त्यांच्यामागे नांदणारी माणसे त्याला दिसत नाहीत.

प्रथम वाट कशी काढावी ते सांगतो. जुने शहर सोंगट्यांच्या पटासारखे आखलेले आहे. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या अंतरास आम्ही ‘क्वाद्रा’ म्हणतो. ते साधारण १०० मीटर असते आणि घरांचे क्रमांकही दर क्वाद्रास शंभराने वाढतात. पत्ता ८२५ असेल तर ते घर रस्त्याच्या नवव्या क्वाद्रात सापडणार, हे नकाशावाचूनही कळते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : जुन्या भागातले उत्तर-दक्षिण रस्ते बहुधा रिवादाविया हा हमरस्ता ओलांडताच नाव बदलतात. उत्तरेचा फ्लोरिदा दक्षिणेस पेरू होतो. नवखा माणूस रस्ता चुकला असे समजून मागे फिरतो. वास्तविक तो योग्य वाटेवरच असतो.

दूरच्या वस्तीत जाण्यास ‘कोलेक्तिवो’ आहेत. १९२८ साली गिऱ्हाइकावाचून बसलेल्या टॅक्सीवाल्यांनी एकाच गाडीत अनेक उतारू घेण्याची युक्ती काढली, तिचेच आज बसगाड्यांचे हे अवाढव्य जाळे झाले आहे. थांब्यावर रांग असते. ती मोडू नका. आम्ही पुष्कळ नियम मोडतो, हा मोडत नाही. गाडी दिसताच हात दाखवा आणि चढताना चालकास कुठे उतरणार ते सांगा. गर्दीत पिशवी पुढे धरावी आणि फोन हातात मिरवू नये, हे मुंबईकरास सांगावयास नको.

आरंभ प्लासा दे मायो या चौकापासून करा. १५८० मध्ये हुआन दे गाराय याने हे नगर दुसऱ्यांदा वसवले, तेव्हापासून हाच त्याचा मध्य. (१५३६ ची पहिली वसाहत पाचच वर्षांत ओस पडली होती.) २५ मे १८१० रोजी स्पेनच्या सत्तेस पहिला धक्का बसला तो इथेच. गुलाबी राजवाडा, कॅथीड्रल, जुनी नगरसभा हे सारे पाहून होईल. पण शक्य असेल तर गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास या आणि जमिनीकडे पाहा. मधल्या स्तंभाभोवती फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत ज्यांची मुले घरांतून उचलून नेण्यात आली, त्या माता १९७७ च्या एप्रिलमध्ये इथे जमल्या. घोळक्याने उभे राहण्यास मनाई होती, म्हणून त्या चालू लागल्या. डोक्यास पांढरा रुमाल ही त्यांची खूण. ती फेरी अद्याप थांबलेली नाही. तुम्ही कडेला उभे राहिलात तरी चालेल; मागोमाग चाललात तरी कोणी हटकणार नाही.

या चौकाखालूनच भुयारी रेल्वेचा ‘अ’ मार्ग निघतो. तो १९१३ चा, दक्षिण गोलार्धातील पहिला. त्यावरचे बेल्जियन बनावटीचे लाकडी डबे २०१३ मध्ये निवृत्त केले, याची मला अजून हळहळ वाटते. मात्र वरून आवेनिदा दे मायोने पायी जाणे अधिक चांगले. १८५८ पासून चाललेले तोर्तोनी हे कॉफीगृह याच रस्त्यावर आहे. तिथे आता पर्यटकांचीच रांग असते. पुढे १९२३ चा पालासिओ बारोलो लागेल. दान्तेच्या महाकाव्यावरून योजना केलेली ही इमारत तळाशी नरक, मध्ये शुद्धिलोक आणि वर स्वर्ग अशी रचली आहे. आज त्यांत वकिलांच्या कचेऱ्याही आहेत.

दक्षिणेच्या सान तेल्मोत रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तो पाहाच, परंतु मान वर करून घरेही पाहा. १८७१ च्या पीतज्वरात शहरातील १३,००० हून अधिक माणसे दगावली. धनिक कुटुंबे उत्तरेस पळाली आणि त्यांच्या वाड्यांत खोलीखोलीला एकेक बिऱ्हाड करून इटली-स्पेनहून आलेले कष्टकरी राहू लागले. मुंबईतील चाळ ज्याने पाहिली त्यास या ‘कोनवेन्तियो’ची कल्पना सहज येईल. ला बोकातील रंगीत घरांची कामिनीतो ही गल्ली छायाचित्रांमुळे तुम्हांस परिचित असेलच. ती दिवसा पाहावी, आसपासच्या गल्ल्यांत एकट्याने भटकू नये. रेकोलेतातील एवा पेरोनच्या कबरीपुढे सर्वच जातात. मी मात्र चाकारिताच्या स्मशानभूमीत जावे असे म्हणेन. १९३५ साली विमान अपघातात गेलेला तांगोगायक कार्लोस गार्देल तिथे विसावला आहे, आणि त्याच्या पुतळ्याच्या बोटांत लोक पेटती सिगारेट ठेवून जातात.

भोजनाविषयी. रात्री नवाच्या आत उपाहारगृहात गेलात तर वाढपी चकित होईल. हा देश गोमांसाचा, पण शाकाहाऱ्याने घाबरू नये. निम्मे शहर इटालियनांचे वंशज आहे. कोरिएन्तेस रस्त्यावर पुस्तकांची दुकाने आणि पिझ्झाची दुकाने एकमेकांस खेटून उभी आहेत. तिथे कांद्याचा ‘फुगासेता’ मागा आणि त्यावर ‘फाइना’ ठेवून घ्या. हरभऱ्याच्या पिठाची ती भाजलेली जाड पोळी तुम्हांस परकी वाटणार नाही. महिन्याच्या २९ तारखेस बटाट्याचे ‘न्योकी’ खाण्याची आणि ताटाखाली नोट ठेवण्याची चाल आहे. पगार अजून दूर असतो, म्हणून.

आता नदी. रिओ दे ला प्लाता समुद्राएवढी रुंद आणि मातीच्या रंगाची आहे. आमच्या शहराने तिच्याकडे पाठ फिरवली, असे जो तो म्हणतो. पण त्या राजवटीत कित्येकांना विमानातून जिवंत याच पाण्यात लोटण्यात आले, हेही सांगितले पाहिजे. विद्यापीठाजवळ काठावर स्मृती-उद्यान आहे. तिथल्या भिंतींवर ३०,००० दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. सुमारे ९,००० पट्ट्यांवर नाव व वय कोरले आहे, गरोदर स्त्री असल्यास तेही. उरलेल्या कोऱ्या आहेत. तिथे नेण्यास आमचे वाटाडे सहसा उत्सुक नसतात. तुम्ही जा, आणि घाईने जाऊ नका.

शेवटचा दिवस मोकळा ठेवता आला तर रेतीरो स्थानकावरून सान इसिद्रोची गाडी पकडा. नोव्हेंबर असेल तर वाटेत जॅकरंडा जांभळ्या फुलांनी बहरलेला दिसेल. तुमच्याकडील हे झाड मूळचे आमच्या खंडाचे. १९२४ मध्ये पेरूस निघालेले रवींद्रनाथ ठाकूर इथे आजारी पडले आणि व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे म्हणून सुमारे दोन महिने राहिले. ‘पूरबी’ हा काव्यसंग्रह त्यांनी ज्या ‘विजया’स अर्पण केला, ती हीच. पुष्कळ भारतीय तिच्या ‘व्हिया ओकाम्पो’ या घरात जाऊन कवींची खोली विचारतात. कवींचा मुक्काम जवळच्या ‘मिरालरिओ’ नावाच्या दुसऱ्या घरात होता. तिथून नदी दिसे. व्हिया ओकाम्पो तिने १९७३ मध्ये युनेस्कोस दिले. ते रोज उघडे नसते; आधी चौकशी करून मगच निघा.