चित्रांतलीं माणसें, चित्रांतला गांव

कागदावर काढलेला माणूस खरा वाटावयाचा असेल, तर तो हुबेहुब माणसासारखा दिसला पाहिजे, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. चित्रें हालवून गोष्ट सांगण्याची कला, जिला आज ॲनिमेशन म्हणतात, शिकूं लागणारे तरुण तर प्रथम ह्याच समजुतीच्या नादीं लागतात. केसांचा एकेक तंतु आणि पाण्यावरचा एकेक तरंग ते संगणकाकडून काढवून घेतात. आणि इतकें करूनही प्रेक्षक जांभई देतो. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा करून घेण्यासाठीं परदेशीं जावयास नको. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजाच्या कांहीं कुटुंबांना हा उलगडा पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. त्यांनीं तो पुस्तकांत लिहून ठेवला नाहीं, एवढेंच.

चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत आहे. पिंगुळीचे चित्रकथी त्याच जुन्या वाटेवरचे. सावंतवाडीच्या भोसले घराण्याचा त्यांना आश्रय असे, आणि देवळांतून त्यांच्या कथा होत. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाच्या चित्रांचा जो गठ्ठा, त्याला ‘पोथी’ म्हणतात. चित्र साधारण फूट-सव्वाफूट लांबीचें. दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं, म्हणजे पान उलटलें कीं पुढचा प्रसंग समोर उभा. वीणा, टाळ आणि हुडूक हीं वाद्यें. चित्र फळीला टेकवून कथेकरी गाऊं लागतो, मध्येंच गद्यांत बोलतो, पुन्हा गातो.

आतां हीं चित्रें कशीं असतात तें पहावें. चेहरा एका बाजूनें दाखविलेला, पण डोळा मोठा आणि पुरता उघडा. रंग सपाट, छायाप्रकाशाचें नांव नाहीं. मागें बहुधा कोरा कागद. असा चेहरा कोणत्याही बाजारांत कोणीं पाहिलेला नाहीं. तथापि अर्जुन आणि बभ्रुवाहन समोरासमोर आले कीं ऐकणाऱ्यांची चुळबुळ थांबते. यज्ञाच्या घोड्यामागून आलेल्या बापाचें स्वागत करावयास पुत्र नम्रपणें सामोरा जातो. क्षत्रियाला न शोभणारें वर्तन म्हणून बाप त्याला भेकड ठरवितो. आणि त्या अपमानांतून युद्ध पेटतें. पुत्राला मान हवा आहे, बापाला पुत्रांत पुरुषार्थ पहावयाचा आहे, आणि दोघांनाही जें हवें तेंच त्यांना एकमेकांवर बाण सोडावयास लावतें. एकदां एवढें कळलें, कीं अर्जुनाची मिशी नाकाच्या मानानें किती मोठी काढली आहे, हें कोण मोजीत बसतो?

ह्याला जोड मिळते ती ठेवणीची. पहिल्या पानावर जो वीर ज्या ढबीनें उभा राहिला, ती त्याची ढब पुढें सांभाळली जाते. माणूस ओळखीचा होतो तो ह्या सांभाळण्यानें. अंधाऱ्या बोळांतून येणारा शेजारी चेहरा दिसण्यापूर्वींच पावलांवरून ओळखूं येतो, त्यांतलाच हा प्रकार. नवशिक्या चित्रकाराचें पात्र पहिल्या प्रसंगांत लाजाळू, दुसऱ्यांत धीट आणि तिसऱ्यांत विनोदी असतें, कारण प्रत्येक प्रसंगांत त्याला कांहीं तरी गंमत हवी असते. असें पात्र कितीही सुबक असो, तें कोणाच्या ओळखीचें होत नाहीं.

पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांत ही गोष्ट आणखी उघड दिसते. पांढऱ्या पडद्यामागें दिवा, आणि दिव्यापुढें नाचविलेली बाहुली. प्रेक्षकाला दिसते ती सांवली. ह्यांतील बहुतेक बाहुल्या अखंड असतात, हातपाय निरनिराळे हालत नाहींत. सारें काम खेळविणाऱ्याच्या मनगटाचें. बाहुली पडद्याला चिकटवून धरली तर रेषा रेखीव राहते. दिव्याकडे नेली तर सांवली मोठी आणि अस्पष्ट होते. राग, भीति, दरारा हे सर्व भाव एवढ्यांतून उभे करावयाचे. जर्मनींत लोटे रायनिगर ह्या बाईंनीं १९२६ सालीं कातरकामाच्या आकृत्यांवरून राजपुत्र अहमदाचा चित्रपट केला. ह्या जातीच्या पूर्ण लांबीच्या उपलब्ध चित्रपटांत तो सर्वांत जुना. त्यांतल्या आकृत्यांनाही चेहऱ्यावर भाव नाहींत. आहे ती बाह्यरेषा आणि तिची चाल. आणि आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली, तेव्हां तर पात्रें म्हणजे नुसत्या काड्या! काडीला डोळेही नाहींत.

पात्राबरोबर स्थळाचाही विचार करावा लागतो. दशावतारी नाटकांत स्थळ म्हणजे एक बांक. राजा बसला कीं तें सिंहासन, आणि पात्र वाट चुकलें कीं त्याच बांकाच्या भोंवतीं अरण्य. ह्यावरून कोणी असा अर्थ काढील, कीं स्थळाला महत्त्व नाहीं. वस्तुतः उलट आहे. नट त्या बांकाशीं जसा वागतो, त्यावरून तें स्थळ ठरतें. चित्रांत माड, कौलें आणि होडी काढली म्हणजे मालवण झालें, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची ओळ घ्या. होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळाकार जाळें टाकलेलें असतें, आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर दोन टोळ्या वाळूवरून ओढीत असतात. प्रथम दोर ताणला जातो, मग शरीर मागें झुकतें, टांच ओल्या वाळूंत रुतते, आणि जाळें त्यानंतर कोठें इंचभर सरकतें. सेकंदाला चोवीस चित्रें काढून हा क्रम चुकला, सारें एकदम हाललें, तर तें जाळें रिकामें आहे हें लहान मूलही सांगेल. क्रम साधला, तर मासा न दाखवितांही जाळ्याचें ओझें दिसतें.

सिंधुदुर्ग किल्ल्याचेंही असेंच. मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ सालीं ह्या किल्ल्याचें काम सुरू झालें. त्याचें महाद्वार बुरुजांच्या वळणांत असें लपविलें आहे कीं अगदीं जवळ गेल्याखेरीज तें दिसत नाहीं. आतां मुलांच्या गोष्टींतला शत्रु गलबतें घेऊन आला, तर ही एकच गोष्ट त्याला अर्धा तास घोटाळ्यांत पाडूं शकते. तेथें दुसऱ्या कोठल्या तरी किल्ल्याचा भव्य दरवाजा रंगविणारा चित्रकार देखावा मिळवितो आणि प्रसंग घालवितो.

बोलण्याविषयींही एक शब्द. ‘वस्त्रहरण’ १९८० सालीं रंगभूमीवर आलें आणि मालवणी बोली महाराष्ट्रभर पोंचली, हें चांगलेंच झालें. परंतु त्यानंतर मालवणी बोलणारें पात्र दिसलें कीं हंसावयाचें, अशी एक संवय लागली. मुंबईस गेलेल्या झिलाच्या पत्राची वाट पाहणारी आजी मालवणींतच रडते, हें दाखविण्याचें धाडस चित्रांच्या गोष्टींनीं करावयास हवें.

हें सर्व आज सांगण्याचें कारण आहे. चित्रकथींच्या पुष्कळ पोथ्या संग्रहांत गेल्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत अशीं चित्रें आहेत, आणि ‘पैठणी’ ह्या नांवानें तीं जाणकारांना परिचित आहेत. तेथें तीं सुरक्षित आहेत. पण मुकीं आहेत. पिंगुळीस परशुराम विश्राम गंगावणे ह्यांनीं आपल्या गोठ्याच्या जागीं संग्रहालय उभें केलें, आणि मुलांना हातीं धरून ही विद्या शिकविली. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आतां शहरांतील कलाशाळांचें लक्ष तिकडे वळूं लागलें आहे. भीति एवढीच, कीं तेथून मोठे डोळे, टोकदार नाकें आणि तांबडा-हिरवा रंग तेवढा उचलला जाईल, संगणकावर त्याला हातपाय फुटतील, आणि अर्जुन कोणावर कां रागावला आहे, तें कोणालाच ठाऊक नसेल. कथेकऱ्याचीं गीतें मुख्यतः मुखोद्गत आहेत. चित्र दुसऱ्या कागदावर उतरवितां येतें. कोणत्या ओळीला पान उलटावयाचें आणि कोणत्या ओळीला थांबावयाचें, तें चित्रावर लिहिलेलें नसतें.

म्हणून पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं पिंगुळीस जावें तेव्हां वही-पेन्सिल प्रथम पिशवींतच राहूं द्यावी, आणि एक पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बसून ऐकावी. परतीची गाडी दुसऱ्या दिवशींची धरावी.