अन्नपूर्णेवर साताऱ्याची लेक

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. पुढे ल्होत्से, मकालू. पण माझ्या मते खरा कस लागला तो अन्नपूर्णेवर. उंची ८,०९१ मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून कमीच. तरी तिथल्या हिमप्रपातांनी कसलेले गिर्यारोहकही बिचकतात. त्या विरळ हवेत एकेका पावलासाठी थांबून धाप जिरवावी लागते. १६ एप्रिल २०२१ रोजी प्रियांका माथ्यावर पोहोचल्या. अन्नपूर्णा सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला! आपल्या शाळाशाळांतून हे नाव घेतलं जायला हवं. मे २०२२ मध्ये त्यांनी कांचनजुंगाही गाठलं आणि आठ हजार मीटरवरची पाच शिखरं सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिलेचा मान साताऱ्याकडे आला.